सुगडाचा तळ

आमच्या गावच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर काचेचे एक कपाट आहे. त्यात कबड्डीच्या ढाली आणि कुणा माजी विद्यार्थ्याने भेट दिलेला पृथ्वीचा गोल यांच्या शेजारी मातीचे एक सुगड परवापरवापर्यंत उपडे ठेवलेले होते. त्याच्या तळावर तीन परकी अक्षरे उमटलेली दिसत. बाजूच्या पुठ्ठ्यावर लिहिले होते : ‘जपानी कुंभारकलावंत कुराता यांची स्वाक्षरी. त्यांनी आपल्या गावास मृत्तिकाकला शिकविली.’ दोन वाक्ये आणि दोन्ही खोटी. माझा पुतण्या भानुदास याने शाळेच्या स्मरणिकेत लेख लिहून त्यांत भर घातली. सोळा वर्षांच्या सोपानने, म्हणजे मी, भर अंगणात फौजदाराला कसे खडसावले याचे वर्णन त्याने दीड पान केले आहे. याउलट पारनेरच्या एका वकिलांचे ठाम मत असे की कुराता हेर होता आणि सुगडांवरून खुणा पाठवीत होता. त्या वकिलांशी मी बोलणे सोडले, त्यालाही आता वीस वर्षे झाली. मी या सगळ्यांशी भांडत आलो आणि माझा स्वभाव पाहता पुढेही भांडेन. मात्र या भांडणांत एक गोष्ट मीही परवापर्यंत कधी तोंडाबाहेर काढली नव्हती. ती आता लिहून ठेवतो. ज्यांना ती वाचून माझ्याविषयीचे मत बदलावेसे वाटेल त्यांनी खुशाल बदलावे.

आमचे घर गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यालगत होते. घर म्हणजे दोन खण, पुढे मोठे अंगण, अंगणात चाक, पलीकडे आवा आणि त्याही पलीकडे गाढवांचा गोठा. आम्ही आवा म्हणत असू ती मातीची भांडी भाजण्याची भट्टी. माझी सकाळ आवाजाने सुरू होई. आबा, माझे वडील, रांजण ठोकायला बसत. ओल्या रांजणाच्या आत डाव्या हातातला दगडी गुंडा आणि बाहेरून उजव्या हातातली लाकडी थापी, अशा दोहोंच्या मध्ये माती पातळ होत जाई आणि रांजण फुगत जाई. थप्, थप्, थप्, असा तो आवाज ओढ्यापलीकडच्या मळ्यापर्यंत पोचत असे. रांजणाची भिंत जिथे जाड असेल तिथे आवाज बोजड येई, जिथे नेमकी झाली असेल तिथे मोकळा. आबांना डोळ्यांनी फार दूरचे दिसत नसे. त्यांचे कान मात्र मातीतला खडा ओळखत. आई चुलीपाशी हुलग्याचे माडगे ढवळीत असे आणि त्या थापीवरून तिला कळे की आबा किती वेळात जेवायला उठतील. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि ते माडगे. मी पुढे पुष्कळ ठिकाणी जेवलो, परंतु वाफाळत्या माडग्याला धुराचा जो वास असे तो मला पुन्हा कुठे मिळाला नाही.

या घरात कुराता आला तो शिकवायला नव्हे, शिकायला आला. हे मी ठासून लिहितो, कारण पुठ्ठ्यावरचे दुसरे वाक्य तिथेच कोसळते. मुंबईच्या एका कलाशाळेत तो भांडी घडवण्याची विद्या शिकवायला आला होता. त्याच्या वडिलांची डोंगराच्या कुशीत स्वतःची भट्टी होती. तिच्यात लोणच्याच्या बरण्या भाजत. लहान वयातच तो घर सोडून शहरात गेला, शिकला, त्याच्या भांड्यांची प्रदर्शने झाली, लोक त्यांना काचेच्या आड ठेवू लागले. ते त्याला मानवले नाही. “लोक बघते. पाणी कोण पिते?” असे तो म्हणे. नगरच्या बाजारात त्याने आबांचा रांजण पाहिला, त्याच्या पोटावरून हात फिरवला, वाकून आत तोंड घातले आणि विकणाऱ्याला विचारले, हा हात कुणाचा? तो पत्ता शोधीत पारनेरपर्यंत मोटारीने आणि पुढे बैलगाडीने तो आमच्या अंगणात उतरला. आबा ठोकत बसले होते. हा समोर मांडी घालून बसला आणि दिवस मावळेपर्यंत उठला नाही. आई घाबरली. “अवो, त्ये मानूस भाकरीला इचारलं तरी हालना,” ती म्हणाली. आबांनी मान वर न करता सांगितले, “बसू दे. ऐकतोय त्यो.”

तो दोन वर्षे राहिला. आव्याजवळच्या छपरात त्याची घोंगडी असे. मराठी तो आईकडून शिकला, त्यामुळे “मी जाते,” “मी माती मळते,” असेच तो जन्मभर बोलला असता. गावातले टोळभैरव त्याला मुद्दाम बोलते करीत. “काय जपानी बुवा, जेवलीस का?” “जेवली,” तो हसत म्हणे. आपल्याला हसतात हे त्याला कळत होते. पण वैनीने, म्हणजे आईने, शिकवलेले बदलायला तो तयार नव्हता. रांजण ठोकणे त्याला अखेरपर्यंत आबांसारखे जमले नाही. चाकावर मात्र त्याचा हात असा चाले की आबादेखील काम थांबवून बघत. प्रत्येक भांड्याच्या आत, अगदी तळाशी, तो बोटाच्या टोकाने शंखासारखा एक लहानसा वळसा सोडी. आबा आतून ओले फडके फिरवून सगळे गुळगुळीत करीत; माझ्या भांड्यांत वेडेवाकडे वरंबे राहत. मी त्याला विचारले, हा वळसा कशाला? तो म्हणाला, “हात खालपर्यंत गेली पाहिजे. अर्ध्यातून परत यायची नाही.”

तो भांड्यावर नाव घालीत नसे. मला ते पटत नव्हते. शाळेत मास्तरांनी सांगितले होते की मोठे चित्रकार चित्राखाली नाव लिहितात, आणि मी त्या वयातही स्वतःला लहान समजत नव्हतो. मी त्याच्या मागे लागलो. “नाव कशाला? भांड्यात बोट आहे,” हे त्याचे एकच उत्तर. मी इतका पिच्छा पुरवला की एके दिवशी त्याने बाभळीच्या गाभ्याचा अंगठ्याएवढा तुकडा घेतला आणि तीन अक्षरे कोरून माझा शिक्का करून दिला. सो, पा, न. परक्या नावांसाठी त्यांच्याकडे वेगळी अक्षरे असतात, त्यांत ते लिहिलेले होते. पहिले आणि तिसरे अक्षर जवळजवळ सारखे, नुसत्या दोन रेघा. मधल्याच्या दोन रेघा पक्ष्याच्या पंखांसारख्या फाकलेल्या आणि वर खांद्याशी एक लहानसे शून्य. देताना त्याने अट घातली. “तुझी पहिली रांजण पाणी धरील, मग उमटव. त्याच्या आधी नाही.” मी मान डोलावली. शब्द दिला असे म्हणायलाही हरकत नाही.

तो मी पाळला नाही. संक्रांतीची सुगडे गावाला पुरवणे हे आमचे काम होते. आमच्या आणि शेजारच्या दोन वाड्यांतल्या प्रत्येक घरी पाच, म्हणजे चारशेच्या वर सुगडे लागत. मार्गशीर्षात आबा, कुराता आणि मी, तिघांनी ती घडवली. अर्धवट सुकल्यावर ती पालथी घालून छपरात ओळीने मांडण्याचे काम माझ्याकडे होते. चारशे तळ माझ्याकडे तोंड करून बसलेले आणि शिक्का माझ्या बंडीच्या खिशात. पहिल्यांदा मी माझ्याच एका सुगडावर तो दाबला. ती अक्षरे काय सुरेख उमटली! मग दुसऱ्यावर, मग शेजारच्यावर. शेजारचे आबांचे होते, त्यापलीकडचे कुराताचे. मी निवड केली नाही. दुपार होईतो गावातल्या प्रत्येक घरात जाणाऱ्या प्रत्येक सुगडाखाली माझे नाव होते. कुणाला न सांगता मी ती सरळ करून आव्यात रचली. सुगडाचा तळ कोण बघतो?

आवा निवाला त्याच आठवड्यात मास्तरांनी चावडीपुढे वर्तमानपत्र वाचून दाखवले. जपान युद्धात उतरला होता. तोपर्यंत युद्ध म्हणजे आम्हाला रॉकेलची टंचाई आणि नगरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या लष्करी मोटारींची धूळ एवढेच होते. आता ते आमच्या छपरात घोंगडीवर बसून माती मळत होते. त्या संध्याकाळी पोलीस पाटील घरी आले. ते काही दुष्ट मनुष्य नव्हते, पण त्यांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच भीती पाहिली; पाटलालाही भीती वाटते हे मला ठाऊक नव्हते. “हे बघ,” ते आबांना म्हणाले, “नगरास्नं हुकूम येईस्तवर ह्याला अंगनाबाहेर पाऊल टाकू द्यायचं न्हाई. अन् आवा प्येटवायचा न्हाई.” “आवा का म्हून?” आबांनी विचारले. “धूर वरनं इमानाला दिसतो म्हनत्यात लोक. म्या न्हाई म्हनत, लोक म्हनत्यात.” आबांनी थापी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून आवाज आला नाही. आपण ठोकले तर गावाला आपली आठवण होईल असे त्यांना वाटले असावे. अंथरुणात पडल्यापडल्या मी वाट पाहत होतो. त्या सकाळी मला पहिल्यांदा कळले की भीतीला आवाज नसतो; रोजचा आवाज बंद होतो, एवढेच.

गाव बदलले नाही असे भानुदास लिहितो. तो तेव्हा जन्मलाही नव्हता. पाणवठ्यावर आई गेली की बायका घागरी उचलून बाजूला सरत. पोरे आमच्या कुंपणावरून विमानाचा आवाज काढीत पळत. कुराता अंगणात चाकाशी बसे, पण चाक फिरवत नसे. मी त्याला विचारले, तुला भीती वाटते का? तो आपल्या तळव्यांवरची वाळलेली माती सोलत होता. “वाटते,” तो म्हणाला. “माझ्या घराची वाटते. तुझ्या घराची पण वाटते.” मोठ्या माणसाने असे सरळ सांगितलेले मी तोवर ऐकले नव्हते.

भोगीच्या दिवशी सकाळी आईने सुगडे टोपल्यांत भरायला घेतली. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीचा आणि वांगी-हरभरा-गाजराच्या भाजीचा वास घरभर होता आणि मी जेवण टाकून उठलो. मी एक सुगड उलटे करून पाहिले. सुंदर आणि ठळक, जपानी अक्षरे. सांगावे तर आबांना सांगावे लागणार. दुसरी सुगडे करावीत तर आवा पेटवायला बंदी. आणि सुगडे दिलीच नाहीत तर गावाचा सण अडणार, तेही अशा वेळी, जेव्हा गाव आमच्यावर रुसायला निमित्त शोधत होते. मी या सगळ्याचा विचार केला असे लिहिले तर ते माझ्या सोयीचे होईल. खरे सांगायचे तर मी फक्त घाबरलो होतो. आईने टोपली डोक्यावर घेतली, मी दुसरी उचलली आणि आम्ही घरोघर शत्रूच्या लिपीतले माझे नाव वाटून आलो.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्याकडे हळदीकुंकू चालते. बायका एकमेकींना सुगडाचे वाण देतात. आतली बोरे, उसाची कांडकी, गव्हाच्या ओंब्या आणि हरभरे पदरात घालायचे म्हणजे सुगड उपडे करावे लागते. हे मला दुसऱ्या दिवशी सुचले. सुगड एका घरी राहतही नाही. आज पाटलिणीकडचे उद्या सुताराकडे, परवा मळ्यात. मी खिशात खुरप्याचे मोडके टोक घेऊन बाहेर पडलो. दारोदार जाऊन मी म्हणत असे, यंदा काही सुगडांना बारीक चीर गेलीय, दाखवा, मी तपासतो. कुणी दाखवी, मी पाठमोरा होऊन तळ खरवडी आणि परत देई. ज्यांचे तळ खरवडले त्यांतली निम्मी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी गेलेली आणि तिथे न खरवडलेली आलेली असत. मी एकाच घरी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा सुताराची काकू कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “काय रं सोपाना, सुगडात सोनं लपिवलंय का काय?” मागून दुसरी म्हणाली, “सोनं कशाचं? त्या बुवानं मातीत कायतरी घातलं आसंल. म्हून हे पोरगं पांढरंफटक पडलंय.” त्या हसत हसत बोलल्या, पण त्याच दुपारी त्यांतल्या एकीने सगळी बोरे उकिरड्यावर टाकली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

माझी चूक ती हीच. सुगडाचा तळ कोण बघतो, हे माझे म्हणणे खरे होते. चार दिवस बघितलाही नसता. मी भीतीने धावत सुटलो आणि गावाला तळ दाखवला. त्यानंतर घराघरांत सुगडे उलटी होऊ लागली. पाटलिणीने आपले सुगड पाटलांपुढे आणून ठेवले. पाटील ते घेऊन मास्तरांकडे गेले. मास्तरांना इंग्रजी येत होते, मोडी येत होती. हे काय आहे ते येत नव्हते. तेवढे पुरे झाले. अक्षरे कुणालाच वाचता येईनात, म्हणून प्रत्येकाला ती वाचता येऊ लागली.

रथसप्तमीला सूर्य वर आल्यावर अंगणात गोवऱ्यांच्या विस्तवावर सुगडात दूध तापवतात आणि ते उतू जाऊ देतात. आईने त्या वर्षीही ठेवले. कुराता छपराच्या दाराशी उभा राहून बघत होता. त्याला तो विधी आवडे. दुधावर नुकती साय धरू लागली होती, तोच ओढ्याच्या बाजूने बुटांचा आवाज आला. पारनेरचे फौजदार, दोन शिपाई, मागे पाटील, आणि त्यांच्या मागे बरेचसे गाव. फौजदार तरुण होते. त्यांनी प्रथम आबांकडे पाहिले, मग कुराताकडे, आणि मग त्यांची नजर विस्तवावरच्या सुगडावर गेली. “हेही त्यातलंच का?” त्यांनी बुटाच्या टोकाने सुगड लोटले. दूध गोवऱ्यांवर सांडले आणि चर्र करून वाफ उठली. आईच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, भाजल्यावर निघतो तसा. शिपायाने काठीने सुगड फिरवून तळ वर केला. काजळीतूनही तिन्ही अक्षरे दिसत होती.

“ह्ये बघा, सायेब,” पाटील वाकून म्हणाले. “दोन पंख हायेत अन् त्येच्यावर गोळा. इमानच न्हवं का?” 

“हे कुणी उठवलं?” फौजदारांनी आबांना विचारले.

आबांनी डोळे बारीक करून तळाकडे पाहिले. त्यांना ती अक्षरे त्या क्षणापर्यंत ठाऊकच नव्हती. “म्यां न्हाई,” ते म्हणाले. मग त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिले. खडा ओळखणाऱ्या त्या माणसाला माझा श्वास ऐकू येत असणार. शिक्का माझ्या बंडीच्या खिशात होता. मला फक्त हात खिशात घालायचा होता. मी तो घातला आणि शिक्का मुठीत इतका आवळला की पुढे दोन दिवस ती तीन अक्षरे माझ्या तळहातावर होती. हात मात्र बाहेर आला नाही. तोंडही उघडले नाही. भानुदासने ज्याला ‘सोपानचा करारी आवाज’ म्हटले आहे तो आवाज हा.

“मी केली,” कुराता म्हणाला.

एक शिपाई फिस्सकन हसला. “केली म्हनं!” गर्दीतून दोघे-तिघे हसले. फौजदार हसले नाहीत. “काय आहे हे?”

“माझा नाव.”

“वाच.”

कुराता पुढे आला आणि सांडलेल्या दुधात गुडघे टेकून बसला. त्याने तळावर बोट ठेवले. पहिल्या अक्षरावर म्हणाला, “कु.” मधल्या अक्षराच्या पंखांवर आणि शून्यावर बोट फिरवून म्हणाला, “रा.” शेवटच्या दोन रेघांवर म्हणाला, “ता.” माझे नाव वाचता येणारी माणसे त्या अंगणात दोनच होती. दुसरा मी होतो. त्याने एकदाही माझ्याकडे पाहिले नाही; पाहिले असते तर मी बोललो असतो, असे मी कित्येक वर्षे स्वतःला सांगत आलो. 

“घराघरांत आपलं नाव कशाला पोचवायचं होतं?” फौजदारांनी विचारले. तसले काही त्याच्या मनात आयुष्यात कधी आले नव्हते. तो गप्प राहिला आणि ते गप्प राहणे कागदावर लिहिले गेले. त्याने घोंगडी घेतली, आईच्या समोर थांबून वाकला आणि म्हणाला, “येते हं, वैनी.” एवढेच. स्मरणिकेत छापलेले निरोपाचे भाषण कुणी रचले ते मला ठाऊक आहे. आईने पदर तोंडाशी धरला होता. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि शिपायाने तो बाजूला केला.

त्याला नगरला नेले, तिथून पुढे कुठेतरी. नंतर त्याचे काय झाले हे मला माहीत नाही. जे माहीत असल्याचे सांगतात त्यांना पुरावा विचारा. मी स्वतःशी एक युक्तिवाद करीत आलो, तोही इथे मांडतो. त्याला नेण्याचा हुकूम तसाही निघणारच होता. तो शत्रुदेशाचा मनुष्य होता, सुगडे असोत वा नसोत. युक्तिवाद चांगला आहे, वकिलांनाही तो आवडेल. पण परदेशी म्हणून नेणे वेगळे आणि हेर म्हणून नेणे वेगळे. तो फरक माझ्या मुठीत होता.

त्या रात्री जेवणे झाली नाहीत. आबांनी मला मारले नाही, विचारलेही नाही. सकाळी ते रांजण ठोकायला बसले. थप्, थप्. मी समोर जाऊन बसलो, आणि ते वर न बघता म्हणाले, “त्येनं तुला काय सांगितलं हुतं, कवा उमटवायचं?” मी सांगितले. “मग रांजन कर,” ते म्हणाले. त्यापुढे त्या विषयावर आबा मरेपर्यंत आमच्यात शब्द झाला नाही. माझा पहिला पाणी धरणारा रांजण उतरायला सव्वा वर्ष लागले. रात्रभर भरून ठेवला, सकाळी खालची माती कोरडी होती. मी तो रिकामा करून आडवा केला. आता पुढच्या ओल्या भांड्यावर नाव उमटवायला मी मोकळा होतो; खिशातून शिक्का काढला आणि परत खिशात घातला. शेवटी रांजण सरळ करून घरात आईच्या पाण्याच्या जागी नेऊन ठेवला. पुढे मी कुंभारकामाचा शिक्षक झालो, हजारो भांडी केली, पोरांना शिकवली. एकावरही माझे नाव नाही. लोक याला विनय म्हणतात. मी विनयी नाही, हे मला ओळखणारा कुणीही सांगेल.

गेल्या पंधरवड्यात मी शाळेत गेलो. मुख्याध्यापिका बाई नव्या आहेत, मुलीच्या वयाच्या. मी सांगितले, पुठ्ठा चुकीचा आहे. “अहो आजोबा, भानुदासकाकांनीच दिलाय,” त्या म्हणाल्या. मी म्हटले, भानुदासला जपानी येते का? त्यांनी हसून कपाट उघडले. मी त्यांना ती अक्षरे बोट ठेवून वाचून दाखवली. सो. पा. न. मग ती तिथे कशी आली तेही सांगितले, उभ्याउभ्या, जसे इथे लिहिले आहे तसे. त्यांनी पुठ्ठा काढून घेतला. मग म्हणाल्या, “मग हे आता इथे ठेवायचं की नाही?” 

मी सुगड हातात घेतले. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला होता आणि चारशेतले हे एक. आबांचे असेल, माझे असेल. मी ते पहिल्यांदा सरळ केले आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून आत पाहिले. फडक्याचा गुळगुळीतपणा नव्हता. वरंबेही नव्हते. अगदी तळाशी, बोटाच्या टोकाएवढा, शंखाचा वळसा होता. मी त्यात माझे बोट घालून पाहिले. ते खालपर्यंत गेले.

“ठेवा,” मी म्हटले. “पण उपडे नको.” आणि ते कपाटात मीच सरळ ठेवले.